रूपांतर की वेषांतर? : ‘ऑप्टिमस प्राइम’ या खेळण्याचे समीक्षात्मक मूल्यमापन

प्रस्तावना

साहित्यकृती, चित्र, नाटक आणि चित्रपट यांच्या मूल्यमापनाची परिभाषा आपल्याजवळ आहे. खेळण्याविषयी बोलताना मात्र आपण किंमत, टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः खेळणे ही देखील एक रचना असते. तिला आकार असतो, अर्थ असतो आणि ती हाताळणाऱ्याकडून तिची काही अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात अशाच एका खेळण्याचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपनीने १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या मालिकेत ‘ऑप्टिमस प्राइम’ हे खेळणे बाजारात आणले. ते एका रूपात मालवाहू ट्रक असते आणि त्याचे भाग हातांनी उलगडले की यंत्रमानव होते. त्यानंतरच्या चार दशकांत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा समावेशही झाला.

अशा खेळण्यांचे परीक्षण करताना, ती पडद्यावरील व्यंगपटातल्या पात्राशी कितपत मिळतीजुळती आहेत, हा निकष सर्रास लावला जातो. हा निकष अपुरा आहे आणि पुष्कळदा दिशाभूल करणारा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. आधी खेळणे, मग पात्र

‘ऑप्टिमस प्राइम’ हे व्यंगपटातील पात्रावरून घडविलेले खेळणे आहे, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास याच्या उलट आहे. जपानमधील ताकारा या कंपनीच्या ‘डायक्लोन’ या मालिकेत हेच खेळणे १९८३ मध्ये ‘बॅटल कॉन्व्हॉय’ या नावाने निघाले होते. त्या मालिकेतील यंत्रमानव सजीव नव्हते. ती माणसाने चालवावयाची यंत्रे होती आणि त्यांच्यासाठी बोटभर उंचीचे चालकही पुरविले जात. हॅस्ब्रोने ही खेळणी आपल्या देशात आणताना चालक वगळले आणि यंत्रांनाच मन व स्वभाव बहाल केला. हे काम मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशन संस्थेकडे सोपविण्यात आले. बहुतेक पात्रांची नावे व स्वभावरेखा बॉब बुडियान्स्की यांनी लिहिल्या. ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनिस ओ’नील यांनी सुचविले. सप्टेंबर १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवर व्यंगपट सुरू झाला आणि पीटर कलेन यांच्या धीरगंभीर आवाजाने या पात्रास वडीलधाऱ्या नेत्याचे रूप दिले.

हा क्रम ध्यानात घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. पडद्यावरील आकृती ही खेळण्यावरून, चलच्चित्रणाच्या सोयीसाठी सुलभ करून घेतलेली आकृती आहे. तिच्याशी मूळ खेळण्याची तुलना करून खेळण्यात उणिवा शोधणे, हे नकाशा पाहून गावाचे दोष काढण्यासारखे आहे. डायक्लोनमधून आलेल्या कित्येक मोटारगाड्यांच्या आत चालकाची बैठक १९८४ नंतरही तशीच राहिली होती. सजीव म्हणविणाऱ्या पात्राच्या पोटातील ही रिकामी बैठक, खेळण्यावर पात्र मागाहून बसविले गेल्याची साक्ष देते.

२. रूपांतर व वेषांतर

मग अशा खेळण्यास कोणता निकष लावावा? मराठीतील दोन शब्द येथे उपयोगी पडतात. वेषांतरात मूळ रूप झाकले जाते आणि वरून दुसरे चढविले जाते. रूपांतरात काहीही झाकावयाचे किंवा वाढवावयाचे नसते. तेच घटक नव्या संबंधांत मांडले जातात आणि त्यातून दुसरा अर्थ निष्पन्न होतो. रूपांतर पावणाऱ्या खेळण्याचे सौंदर्य या दुसऱ्या प्रक्रियेत आहे.

१९८४ चे खेळणे या कसोटीवर लक्षणीयरीत्या उतरते. ट्रकच्या केबिनचा दर्शनी भाग हीच यंत्रमानवाची छाती होते आणि चालकासमोरच्या काचा छातीवरील खिडक्या होतात. ट्रकची मागील बाजू पाय बनते, पण चाके जागच्या जागी राहून आपले मूळ सांगत असतात. समोर उभा असलेला यंत्रमानव पाहताना ट्रक विसरता येत नाही. दोन रूपे एकाच वेळी मनात राहतात आणि हाच या खेळण्याचा खरा आशय होय.

त्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. यंत्रमानवाच्या मुठी सुट्या आहेत; ट्रकच्या रूपात त्या काढून ठेवाव्या लागतात आणि म्हणून हरवतात. ट्रकमागील मालडबा उघडून त्याचा तळ करता येतो, परंतु यंत्रमानवाच्या देहात त्याला स्थान नाही. पायांची हालचाल अगदी मर्यादित आहे. व्यंगपटाने या अडचणी सहज टाळल्या. तेथे रूपांतराच्या क्षणी मालडबा चित्रचौकटीबाहेर निघून जातो व दिसेनासा होतो. खलनायक मेगाट्रॉन तर प्रचंड यंत्रमानवाचा एकदम हातात मावेल असे पिस्तूल होतो. चित्राला वस्तुमानाचा हिशेब द्यावा लागत नाही. खेळण्याला तो द्यावाच लागतो. खेळण्याची प्रतिष्ठा याच हिशेबात आहे.

३. उत्तरकालीन आवृत्त्या

पुढील काळात प्रतिमेशी साम्य हेच ध्येय मानले गेले. ताकाराने २००३ मध्ये ‘मास्टरपीस’ या नावाने सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची, धातूचे भाग असलेली आवृत्ती काढली. २०११ मध्ये तिची नव्याने रचलेली, आकाराने लहान आवृत्ती मालडब्यासह आली. लहानपणी मूळ खेळणे पाहिलेल्या प्रौढ संग्राहकांसाठी ही निर्मिती होती. तिचे कारागिरीचे मोल निर्विवाद आहे. पडद्यावरची प्रमाणबद्ध आकृती येथे हातात येते. परंतु मुलाने अंदाजाने, चुकतमाकत शोधून काढावी अशी ही रचना उरली नाही. सूचनापत्रकाच्या आधाराने क्रमाक्रमाने पार पाडावयाचा तो विधी झाला.

२००७ च्या चित्रपटात परिस्थिती आणखी बदलली. तेथील यंत्रमानव संगणकाने रचलेला असून त्याचे हजारो भाग एकमेकांवरून सरकतात. असे रूपांतर कोणत्याही हाताला करता येणार नाही. १९८४ मध्ये चित्र खेळण्याच्या मागे चालत होते. २००७ मध्ये खेळणे चित्रामागे धावू लागले. मालिकेतील अनेक उत्तरकालीन खेळण्यांत छातीवर दिसणाऱ्या खिडक्या प्रत्यक्षात वाहनाच्या खिडक्या नसतात. त्या वेगळ्या घडवून बसविलेल्या असतात आणि वाहनाच्या खऱ्या खिडक्या पाठीमागे दडविल्या जातात. साम्य वाढते, पण रूपांतराची जागा वेषांतर घेते.

४. हाताचे काम

या प्रवासाचे टोक २०२१ मध्ये गाठले गेले. हॅस्ब्रो व रोबोसेन यांनी आपोआप रूपांतर पावणारा ऑप्टिमस प्राइम जाहीर केला. त्याची किंमत सुमारे ७०० डॉलर होती आणि त्यात ५,००० सुटे भाग, ६० सूक्ष्म चिप व २७ सर्व्हो मोटारी असल्याचे सांगण्यात आले. तोंडी आज्ञा दिली, की तो स्वतःच ट्रकचा यंत्रमानव होतो आणि कलेन यांच्या आवाजात बोलतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे यश मोठे आहे. खेळणे म्हणून मात्र प्रश्न उरतो की, येथे खेळणारा कोण आहे?

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात आधुनिक खेळण्यांवर आक्षेप घेतला होता. अशी खेळणी मुलाला निर्माता होऊ देत नाहीत, केवळ वापरणारा करतात, असा त्याचा आशय आहे. त्यांनी लाकडाची बाजू घेतली आणि प्लास्टिकविषयी संशय व्यक्त केला. मात्र त्याच ग्रंथात अखंड रूपपालट हे प्लास्टिकचे सारतत्त्व असल्याचेही त्यांनी ओळखले होते. १९८४ चे खेळणे या आक्षेपास अंशतः उत्तर देते. ते कारखान्यातून आलेले आहे, त्याचे पात्र विकत घेतलेले आहे. तरीही प्रत्येक रूपांतर मुलाच्या बोटांनीच घडते. स्वयंचलित आवृत्तीत मूल पुन्हा प्रेक्षक होते आणि बार्थ यांचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

५. एक गंभीर आक्षेप

या मूल्यमापनावर असा आक्षेप घेता येईल की, ज्या व्यंगपटाचा हेतूच खेळणी विकणे हा होता, त्याच्या खेळण्यात अशी मूल्ये शोधणे भाबडेपणाचे आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८४ मध्ये बालकार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा उठविल्या. १९९० च्या कायद्याने त्या काही प्रमाणात पुन्हा आल्या. १९८६ च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारण्यात आले, कारण जुन्या खेळण्यांच्या जागी नवी आणावयाची होती. मुले इतकी व्यथित झाली, की १९८७ मध्ये त्या पात्रास परत आणावे लागले.

या घटनेतूनच आक्षेपाचे उत्तरही मिळते. कंपनीच्या लेखी जे बदलता येण्याजोगे उत्पादन होते, ते मुलांच्या लेखी तसे नव्हते. कथा आणि आवाज यांचा त्यात वाटा होताच. पण ज्याच्या हातात ते खेळणे होते, त्याने त्याला शेकडो वेळा स्वतः उभे केले होते. या श्रमातून येणारी आपुलकी जाहिरातीने निर्माण होत नाही.

निष्कर्ष

रूपांतर पावणाऱ्या खेळण्याचे मूल्यमापन तीन प्रश्नांच्या आधारे व्हावे. एका रूपातील भाग दुसऱ्या रूपात खरोखर कामी येतात का? दोन्ही रूपे परस्परांची आठवण जागी ठेवतात का? आणि रूपांतर कोणाच्या हातून घडते? पात्राशी साम्य हा प्रश्न यांच्यानंतरचा आहे. या क्रमाने पाहता, सुट्या मुठींचे व ताठर पायांचे १९८४ चे खेळणे आपल्या अधिक देखण्या वारसांपेक्षा सरस ठरते. बालकांसाठीच्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच वस्तू काय करून दाखविते याची नोंद घेताना, ती मुलाला काय करू देते हे आधी पाहावे.