बांधीतलं नाटक

दसरा झाला की वडशाच्या बाजारात गावोगावची माणसं दिसायला लागतात. ती कापडं घ्यायला येत नाहीत, नाटक ठरवायला येतात. रेल्वेच्या फलकावर वडसा आणि सरकारी कागदावर देसाईगंज अशी दोन नावं बाळगणारं हे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. रस्त्याकडेच्या गाळ्यांत नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. बाहेर नट-नट्यांच्या चेहऱ्यांचे मोठाले फलक, आत टेबलावर तारखांची वही. गावचे चार जण येतात, मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, तारीख सांगतात, ‘हिरोईन गानारी पायजे जी, नुसती नाचनारी नाई चालत’ अशी अट घालतात, आगाऊ रक्कम मोजतात आणि चहा घेऊन परतीच्या गाडीला लागतात. अशी पन्नासेक मंडळं या एका गावात आहेत. लोक त्यांना ‘प्रेस’ म्हणतात. भाऊबीज झाली की प्रयोगांना तोंड लागतं ते थेट होळीपर्यंत.

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत वडसा कुठून आलं, असं कुणी विचारेल. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मुलांनी ‘संगीत सौभद्र’मधले काही प्रवेश केले. सगळी शाळा-कॉलेजातली मुलं. दोघीतिघींनी पदं अशी म्हटली की मागच्या रांगेतल्या आजोबांनी मान डोलवायचं सोडून डोळे पुसले. नंतर जेवणाच्या रांगेत जो तो म्हणत होता की आपण परदेशात कला जिवंत ठेवली. ते खरंच आहे, त्याचं कौतुक करायलाच हा लेख लिहायला घेतला. पण मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. माझ्या गावाकडे संगीत नाटक कुणी ‘जिवंत ठेवत’ नाही. धान निघालं, हातात चार पैसे आले, पाहुणे यायचे आहेत, तर नाटक पाहिजे, इतका तो साधा हिशेब आहे. कौतुक करताना मला त्या हिशेबाची आठवण होते, आणि आपल्या मुलांना त्यातलं काय देता येईल हा विचार पाठ सोडत नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा वैनगंगेच्या दोन्ही काठांचा झाडांचा मुलूख, म्हणून झाडीपट्टी. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, पण नाटकाला ती हद्द कधी कळलीच नाही. नाटकाच्या आधी इथे दंडार होती, खडी गंमत होती. दंडारीत दाढीमिशा काढून, लुगडं नेसून पुरुषच बाईचं काम करायचे. शेतात राबणारीच माणसं रात्री सोंग घ्यायची. पुढे संगीत नाटक आलं आणि या मातीत मिसळलं. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री नाटक, असा जोड ठरून गेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या तेव्हा पट बंद पडले, नाटक मात्र चालू राहिलं. आता शर्यतींना पुन्हा परवानगी आहे आणि जोडही पुन्हा जमला आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी नाट्यगृह कसं असतं ते सांगते. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत जमीन उतरती खणतात, म्हणजे मागच्यालाही पुढचं दिसतं. खणलेली माती समोर टाकून तिचाच रंगमंच करतात. भोवती कनात, वर मंडप, मंचावर राजवाड्याचे, जंगलाचे, रस्त्याचे रंगवलेले पडदे. रंगमंचाच्या पुढ्यात खड्ड्यात वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नटांच्या डोक्यावर दोरीला लोंबणारे माइक. बोलणारा नट चालत चालत बरोबर माइकखाली येऊन वाक्य टाकतो, आणि तो किती वर्षांचा मुरलेला आहे हे त्यावरून ओळखायचं. रात्री जेवणं उरकून दहाच्या सुमाराला नाटक उघडतं. तीन अंक, मध्ये नाच, लावणी, विनोदी पात्राची धमाल, बक्षिसांची घोषणा. पहाटे कोंबडं आरवायच्या बेताला भरतवाक्य. बाया लेकरांना गोधडीत गुंडाळून आणतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि त्याच रात्री कुणाकुणाच्या सोयरिकीही जमतात.

माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी होती. गळा चांगला, पण वर्गात हजेरी द्यायची तरी आवाज फुटायचा नाही. घरची दोन एकर धानशेती. एका हंगामात कुणीतरी तिला एका मंडळात नेलं. नायिकेच्या बहिणीचं काम, दोन गाणी. तिच्या घरात यावरून काय रामायण झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मुलगी नाटकात जाते म्हटलं की लोक काय बोलतात हे तेव्हाही ठरलेलं होतं, आजही पुरतं गेलेलं नाही. शेवटी तिची आई पूर्ण हंगामभर तिच्याबरोबर हिंडली. दुपारी वडशाहून गाडी निघायची, संध्याकाळी कुठल्यातरी गावच्या शाळेच्या खोलीत बेंचांवर आरसे मांडून रंगरंगोटी व्हायची, रात्रभर नाटक, पहाटे त्याच गाडीत झोप. पैसे नाईटवर मिळायचे. आमच्या पहिल्या तासाला ती डोळ्यांत काजळाची रेघ तशीच ठेवून बसायची. मास्तरांना ठाऊक असायचं, ते तिला फळ्याकडे बोलवायचे नाहीत.

त्या हंगामात तिला काय मिळालं हे तिने एकदा मला सांगितलं होतं. गाण्याच्या मध्यावर वीज गेली. माइक मेला, दिवे गेले. तबलजीने ठेका सोडला नाही. खड्ड्यातून नुसता तेवढा आवाज येत होता. तिला वाटलं आत पळावं, पण ठेका चालू असताना पळायचं कसं? मग ती होती तिथेच उभी राहून मोकळ्या गळ्याने गात राहिली, हजारेक माणसं अंधारात गप्प. जनरेटर सुरू झाला तेव्हा ती ध्रुवपदावर आली होती. लोकांनी बक्षिसं लावली, पुढचा प्रवेश थांबवून माइकवरून एकेकाचं नाव पुकारावं लागलं. ती म्हणाली, ‘त्याच्यानंतर मले कोनाचा भेव नाई वाटला.’ पुढे ती डी.एड. झाली, आणि आता धानोऱ्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पोरांची घरची भाषा गोंडी. पहिलीची कविता ती आधी ताल धरून शिकवते, अर्थ मागाहून.

गाण्याच्या नाटकाचं हेच वेगळेपण मला वाटतं. गद्य नाटकात वाक्य विसरलं तर नट थांबू शकतो, इकडे तिकडे बघू शकतो, समोरचा सावरून घेतो. पदात ती सोय नाही. सम येणार म्हणजे येणारच, आणि तिथे तुम्हाला हजर असावंच लागतं. लाजणाऱ्या पोराला त्यामुळे हिंमत गोळा करायला वेळच मिळत नाही. तो गाऊन मोकळा होतो, आणि आपल्याला हिंमत आली हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

दुसरी गोष्ट उच्चारांची. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ही नाही. आम्ही पानी पितो, डोऱ्याने पाहतो. शिकायला नागपूर-पुण्याला गेलं की यावरून हसू होतं, ते आम्ही सगळ्यांनी सोसलं आहे. झाडीपट्टीच्या नाटकात नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि विनोदी पात्र अस्सल झाडी बोलतं. लोक नायकासाठी रडतात आणि विनोदी पात्राची वाट बघतात. तिथे काम करणारं पोरगं दोन्ही बोली एकाच रात्रीत, एकाच मंचावर शिकतं, आणि कुठलीच सोडत नाही. त्याला आपल्या बोलीची लाज वाटायचं कारण उरत नाही, कारण टाळ्या तिलाच जास्त पडलेल्या त्याने ऐकलेल्या असतात. आता आपल्या सौभद्राच्या तालमी आठवा. कृष्ण झालेला आपला पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्या महिन्यात ‘त’चा ‘ट’ करत होता आणि ‘ळ’ त्याच्या जिभेला सापडतच नव्हता. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं बसून जे जमलं नाही ते एका पदाने करून घेतलं, कारण पेटीवाले काका प्रत्येक वेळी त्याच अक्षरावर थांबायचे आणि ‘पुन्हा’ म्हणायचे. ब्रह्मपुरीची मी आणि इथे जन्मलेला तो, दोघांची अडचण एकाच अक्षरापाशी. मला त्याचं फार आपलेपण वाटलं.

तसं पाहिलं तर संगीत नाटक पहिल्यापासून पोरांनीच खांद्यावर घेतलेलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, त्यानंतर या कंपन्या म्हणजे फिरत्या शाळाच झाल्या. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली, मास्टर दीनानाथांनी १९१८ साली बलवंत संगीत मंडळी काढली. दोघांनीही तेव्हा विशी गाठली नव्हती. पोरगं तयार झालं की मग काम देऊ, असं कुणी म्हणत बसलं नाही. झाडीपट्टीत आजही तसंच आहे. आधी पडदा ओढायचा, मग प्रॉम्प्टिंग, मग एका वाक्याचा शिपाई, मग कधीतरी एखादा नट आजारी पडतो आणि रात्री नऊ वाजता तोंडाला रंग लागतो. अशाच वाटेने गेलेल्या माणसाला गावाने डोक्यावर घ्यावं आणि कधीतरी दिल्लीनेही बोलवावं, हेही आम्ही पाहिलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. पद्मश्री जाहीर झाली त्या आठवड्यात माझ्या फोनवर गावाकडचे जेवढे निरोप आले तेवढे माझ्या लग्नातही आले नसतील.

परदेशात मराठी माणसाने नाटक-गाणं धरून ठेवल्याची उदाहरणं काही कालची नाहीत. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेलेल्या कोकणी माणसांनी गावची जाखडी बरोबर नेली. तिची झाकरी झाली, आणि त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीतली पोरं आजही गणपतीत गोल धरून ती नाचतात. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मराठी नाटकांचा सरकारी महोत्सव भरतो. घरात क्रिओल बोलणारी मुलं त्यात मराठी संवाद पाठ करून उभी राहतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. इथे अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं पहिलं अधिवेशन १९८४ साली शिकागोत भरलं आणि तेव्हापासून नाटक हा अधिवेशनांचा ठरलेला भाग आहे. तेव्हा आपल्या सौभद्रामागे बरीच माणसं उभी आहेत.

आता थोडं कडू बोलते, स्मरणिकेचे संपादक कापणार नाहीत अशी आशा आहे. आपण आपल्या मुलांसाठी फार लवकर टाळ्या वाजवतो. पद सुरू व्हायच्या आधीच शिट्टी पडते, कारण समोर सगळे आई-बाप, काका-मावश्या. प्रत्येकाला प्रमाणपत्र, प्रत्येकाला फोटो. झाडीपट्टीचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, दिवसभर बांधीत राबलेला असतो, आणि रात्री दोनला त्याला झोप येते. पोराचं गाणं कच्चं असेल तर तो घोंगडी डोक्यावरून ओढून सरळ आडवा होतो. तुमचं पद चालू असताना समोरची अर्धी बांधी झोपलेली दिसणं याच्याइतकी कडक परीक्षा मी कुठे पाहिली नाही. त्यात वाईटपणा काही नसतो. पुढच्या अंकात त्याच पोराने बरं गायलं तर तोच माणूस उठून बसतो आणि खिशातून वीस रुपये काढतो. आपल्या मुलांनी परक्यांसमोर, तिकीट लावून, एखादं अख्खं नाटक करावं. आणि रेकॉर्ड केलेल्या साथीवर मुळीच गाऊ नये. तीन मुलं तबला शिकतात, एक मुलगी पेटी वाजवते, मग त्यांना बसवा समोर. चुकतील. चुकलेला ठेका सांभाळून घेणारा गायक रेकॉर्डवर तयार होत नाही. आणि हो, पडदा ओढायलाही मुलंच असू द्यात, ते काम दरवर्षी बाबा लोक बळकावतात.

झाडीपट्टीचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. हंगामाच्या शेवटी कलावंताच्या हाती किती उरतं हा प्रश्न जुना आहे. २०२० च्या हंगामात कोरोनाने मांडव उभे राहिले नाहीत तेव्हा वादक-नटांना मजुरीवर जावं लागलं. नाटकांच्या मधल्या नाचांवर गावोगाव वाद होतात, आणि कधीकधी ते रास्तही असतात. कुंकू, सवत, सूड, भावाची माया अशा ठरावीक वळणाची कथानकं पुन्हा पुन्हा येतात, हेही खरं. पण याच रंगभूमीवर नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर नाटक केलं, आणि ते पाहायला शेतकरीच येऊन बसले.

सौभद्रातल्या आपल्या दोन मुलींनी मला विचारलं आहे की असं नाटक प्रत्यक्ष बघायला मिळेल का. त्यांच्या आई-बाबांसाठी आणि ज्यांना इच्छा होईल त्या सगळ्यांसाठी माहिती देऊन ठेवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही, नाताळच्या सुट्टीत जा. नागपूरहून रस्त्याने ब्रह्मपुरीमार्गे वडसा गाठता येतं. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे. बाजारात कुठल्याही प्रेसमध्ये जाऊन ‘आज कोनत्या गावाले हाये जी?’ एवढं विचारा, पाच-सहा गावांची नावं एका दमात सांगतील. जवळचं निवडा. तिकीट पुढचं काढू नका, पुढे माइकचा आवाज कानठळ्या बसवतो; मधल्या उतारावर बसा. थंडी भयंकर असते, इथल्या जॅकेटांनी भागत नाही, घोंगडी मागून घ्या, कुणीही देईल. गावात कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. आणि मुलींना आधीच सांगून ठेवा, पाहुणी अमेरिकेची आहे आणि गाते असं एकदा कळलं की दुसऱ्या अंकानंतर माइकवरून नाव पुकारलं जाणार. एक पद तयार ठेवून जायचं.