वैद्याचें मौन आणि घरचा उंबरठा

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत गुरूनें वैद्यकाच्या शिष्यास करावयाचा उपदेश आहे. रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर फोडूं नयेत, हें त्यांतील वचन खरोखरच उदात्त आहे. परंतु गौरव करणें हें टीकेचें अर्धेंच काम होय. हें वचन गुपिताचा धनी कोणास मानतें, असें आम्हांस विचारावेंसें वाटतें. उत्तर स्पष्ट आहे: चरकास रक्षावयाचें आहे तें रोग्याचें 'कुल'. त्याच उपदेशांत पति किंवा पालक जवळ नसतां स्त्रीवर उपचार करूं नयेत, असेंही सांगितलें आहे. म्हणजे उंबरठ्याबाहेर मौन, आंत मात्र मोकळीक.

धाराशिव जिल्ह्यांत हा भेद केवळ पांडित्याचा राहत नाहीं. तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून आरोग्यसेवेचें शिक्षण दिलें. अशी सेविका रोग्याची शेजारीण असते, कधीं भावकींतलीही. सुनेच्या तपासणींत काय निघालें, हें विचारणारें माणूस बहुधा परकें नसतें. तें घरचेंच असतें. तेथें कुलाची अब्रू राखणारें वचन सुनेच्या कामीं येत नाहीं.

नियोजित वधूच्या जिवास धोका असतां गुप्ततेला मर्यादा पडते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं एका एच.आय.व्ही.बाधिताच्या दाव्यांत दिला. तो आम्हांस मान्य आहे. परंतु रोग्याच्या विवाहाच्या हक्कासंबंधीं त्यांत केलेलीं विधानें अनावश्यक होतीं, हें त्याच न्यायालयानें २००२ सालीं मान्य केलें. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा अधिक सावध आहे. जोडीदारास सांगण्याची मुभा तो फक्त डॉक्टरास व समुपदेशकास देतो. तीही जोडीदारास मोठा धोका असेल, समजावूनही रोगी स्वतः सांगणार नाहीं अशी खात्री झाली असेल आणि रोग्यास तसें आधीं कळविलें असेल, तरच. सांगितल्यानें मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलें जाईल अशी रास्त भीति असेल, तर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, सांगूंच नये असें तो बजावतो. संमतीवांचून सासू-दिरांना सांगण्याची मुभा त्यांत नाहीं.

चरकाचें वचन आजच्या विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावें. मात्र 'कुल' या शब्दाच्या जागीं 'रोगी' हा शब्द घालून शिकवावें, एवढीच आमची सूचना आहे.