हंटरवालीचा उत्तरभाग आणि भद्दा कुंडलकेसा

मारधाडीचे स्वस्त चित्रपट हा विषय पालीच्या अभ्यासकाने हाताळावा काय, अशी शंका काही वाचकांना येईल. लोक कोणती कथा पुन्हा पुन्हा ऐकू इच्छितात, हे पाहिल्यावाचून लोकांचे मन कळत नाही, ही जाण आमच्या अट्ठकथाकारांना होती. म्हणूनच चोर, गणिका, सार्थवाह आणि राजे यांच्या कथा त्यांनी धम्माच्या विवेचनात मोकळेपणाने गुंफल्या. तोच मार्ग धरून आम्ही येथे एका स्टंटपटाचा, त्याच्या उत्तरभागाचा आणि त्यातील स्त्रीच्या पराक्रमाचा विचार करणार आहोत. उत्तरभाग म्हणजे पहिला चित्रपट चालला म्हणून त्याच नावाच्या आधारावर काढलेला दुसरा चित्रपट. आज मुलींना लढाऊ नायिकांचे आकर्षण वाटते आणि विहाराच्या अंगणात मुलींना कराटे शिकवावे काय, असा प्रश्न उपासक विचारतात. तेव्हा हा विचार निरर्थक ठरू नये.

जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंची 'वाडिया मूव्हीटोन' ही संस्था 1933 साली स्थापन झाली. तिचा स्टुडिओ परळला होता. 1935 साली या संस्थेने 'हंटरवाली' हा बोलपट काढला. नायिका होती मेरी इव्हान्स, म्हणजेच नादिया. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे 1908 साली जन्मलेली, लहानपणीच हिंदुस्थानात आलेली, दुकानात विक्रेती म्हणून आणि पुढे सर्कशीत काम केलेली ही तरुणी होती. कथा साधी आहे. दुष्ट प्रधान राजाला कैद करतो. राजकन्या माधुरी मुखवटा चढवते, हाती हंटर घेते, धनिकांना लुटून गरिबांना देते आणि शेवटी अन्यायाचे पारिपत्य करते. वितरक हात लावीनात, तेव्हा निर्मात्यांना प्रदर्शनाची व्यवस्था स्वतःच पाहावी लागली. चित्रपट मात्र तुफान चालला. हंटरवालीच्या नावाने पट्टे आणि चाबूक बाजारात विकले जाऊ लागले.

पुढे दोघा बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. वडील बंधूंना प्रतिष्ठित विषयांची ओढ होती. 1941 सालचा 'राजनर्तकी' हे तिचेच फळ. परळचा स्टुडिओ 1942 साली व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल'कडे गेला. होमी वाडिया यांनी 'बसंत पिक्चर्स' ही नवी संस्था काढली. तिचा स्टुडिओ नंतर उपनगरात, चेंबूरला उभा राहिला. नव्या संस्थेजवळ पैसा थोडा होता. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले एक नाव होते आणि ती नायिका होती. 1943 साली 'हंटरवाली की बेटी' पडद्यावर आला. भारतीय चित्रपटांतील पहिला उत्तरभाग म्हणून त्याचा उल्लेख अनेकदा केला जातो. थोड्या भांडवलात चित्रपट काढणाऱ्याला उत्तरभाग का हवासा वाटतो, हे येथे स्पष्ट दिसते. नाव आधीच ठाऊक असल्याने जाहिरातीचा खर्च वाचतो, आणि प्रेक्षक काय मागणार याचा अंदाज असल्याने धोका कमी होतो.

या चित्रपटांना तत्कालीन शिष्टांनी हलके मानले. त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग कामगारांचा होता, हे त्या नापसंतीचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते. ज्या परळमध्ये हे बोलपट तयार होत, त्याच परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले आणि तेथेच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. दिवसभर मुकादमाची अरेरावी सोसणाऱ्या माणसाला रात्री पडद्यावर जुलमी प्रधान चाबकाखाली लोळताना दिसला, तर त्याच्या आनंदाला हीन अभिरुची म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही. अन्यायाची चीड ही करुणेची शेजारीण आहे.

नादियाविषयीची एक हकीकत आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. वाडियांनी तिला 'नंदादेवी' हे नाव आणि काळ्या लांब वेण्यांचा टोप सुचवला होता. तिने दोन्ही नाकारले; आपण देवी नाही, असे तिने सांगितले. आपल्याकडे पराक्रमी स्त्री दिसली की तिला तत्काळ देवी करून मखरात बसवतात. मखरातील देवीला हक्क मागता येत नाहीत, मजुरी मागता येत नाही, घटस्फोट मागता येत नाही. नादियाची नायिका घाम गाळते, पुरुषांना खांद्यावर उचलून फेकते, आगगाडीच्या टपावर झुंजते. हे बळ वरदानाचे नसून सरावाचे आहे. 'डायमंड क्वीन' (1940) या चित्रपटात तर ती स्त्रीच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडते आणि साक्षरतेच्या कार्यासाठी जमवलेला पैसा हडपणाऱ्यांशी लढते. चमत्काराला नकार देणाऱ्या आणि प्रयत्नाला मान देणाऱ्या आमच्या दृष्टीला यात आपले काही सापडते.

येथवर आम्ही गुण सांगितले. आता दोष. 'हंटरवाली'तील पराक्रम राजकन्येचा आहे. गावकरी मार खातात आणि वाट पाहतात. सोडवणारी राजवाड्यातून येते. शेवटी सिंहासन योग्य मनुष्याच्या हाती जाते, परंतु सिंहासन तसेच राहते. अन्याय एका प्रधानाच्या अंगी साठवलेला असतो. तो प्रधान पडला की अन्याय संपला, असे प्रेक्षकाने मानावे अशी अपेक्षा असते. जातीची उतरंड एका दुष्टाच्या बळावर टिकत नाही, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना ही मांडणी अपुरी वाटल्यावाचून राहणार नाही. तारणहाराची वाट पाहण्याची सवय मुखवट्याआडून पुन्हा आत शिरते.

उत्तरभागात हा दोष आणखी उघडा पडतो. चाबकाने खलनायक पडतो, पण त्याला निर्माण करणारी कारणे जागेवरच राहतात. म्हणून पुढील भागासाठी नवा खलनायक नेहमीच मिळतो. 'बेटी' हे नावच पाहावे. आईचा हंटर मुलीकडे वारशाने येतो. मुलीने नवे काय शिकावे, हा प्रश्न त्या नावात नाही. हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. हाँगकाँगमध्ये 1966 साली किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' हा तलवारबाजीचा चित्रपट काढला. त्यात चेंग पै-पै या अभिनेत्रीने 'गोल्डन स्वॅलो' ही नायिका गाजवली. 1968 साली चँग चेह यांनी त्याच नायिकेच्या नावाने उत्तरभाग काढला. पण त्यात कथेचे वजन जिमी वाँग यू यांनी रंगवलेल्या नायकाकडे गेले. नाव स्त्रीचे, रणांगण पुरुषाचे. म्हणजे उत्तरभागात स्त्रीचा पराक्रम एकतर जसाच्या तसा फिरतो किंवा आक्रसतो.

पराक्रमाच्या उत्तरभागाची दुसरी रीत आहे काय? आमच्या मते आहे, आणि ती धम्मपदाच्या अट्ठकथेत मिळते. राजगृहाच्या श्रेष्ठीची कन्या भद्दा हिने वधस्थळी नेल्या जाणाऱ्या सत्तुक नावाच्या चोराला पाहिले आणि त्याच्याशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. पित्याने लाच देऊन त्याला सोडवले. पुढे त्या चोराने दागिन्यांच्या लोभाने तिला नवसाचे निमित्त सांगून कड्यावर नेले. त्याचा हेतू कळताच तिने शेवटचे आलिंगन देण्याचा बहाणा केला आणि त्यालाच कड्यावरून ढकलून दिले. कड्यावरील देवतेने तिची प्रशंसा केली, की प्रत्येक ठिकाणी पुरुषच शहाणा असतो असे नाही. कोणत्याही स्टंटपटाला शोभावा असा हा पहिला भाग आहे.

दुसऱ्या भागात भद्दा दुसऱ्या चोराच्या शोधात निघत नाही. ती निर्ग्रंथांकडे प्रव्रज्या घेते, वादविद्या शिकते, गावोगावी वेशीबाहेर वाळूच्या ढिगावर जांभळीची फांदी रोवून वादाचे आव्हान देते. कड्यावरील झुंज आता बुद्धीच्या क्षेत्रात आली. श्रावस्तीत सारिपुत्त तिचे आव्हान स्वीकारतात. तिच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे देऊन ते तिला एकच प्रश्न विचारतात, आणि तिच्याजवळ उत्तर नसते. येथे ती मुखवटा चढवत नाही, सूडाची शपथही घेत नाही. ती ते उत्तर शिकू इच्छिते. पुढे ती भगवंतांच्या संघात येते आणि शीघ्र ज्ञान पावणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रस्थानी गणली जाते. भिक्खू आपसांत चर्चा करतात, की ही तर चोराशी मोठा संग्राम जिंकून आलेली. त्या प्रसंगाला धरून अट्ठकथा रणातील विजय आणि स्वतःवरील विजय यांची तुलना करणाऱ्या गाथांचा संबंध जोडते. चोरावरील तिचा विजय कथा लपवत नाही आणि त्याबद्दल तिला तुच्छही लेखत नाही. त्या विजयापाशी ती थांबत मात्र नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हिंसेची इच्छा आणि हिंसेची आवश्यकता यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. भद्देने चोराला ढकलले ती प्राणरक्षणाची आवश्यकता होती. स्टंटपट आवश्यकतेपासून आरंभ करतो, आणि उत्तरभागापर्यंत ती आवश्यकता चवीमध्ये, चव इच्छेमध्ये बदलते. प्रेक्षक न्यायासाठी येतो आणि फटक्यांची संख्या मोजत घरी जातो. समीक्षकाने कसोटी लावायची ती येथेच. पडद्यावर हिंसा दिसली एवढ्याने निर्णय देता येत नाही. दुसऱ्या भागात नायिकेच्या मनाची वाढ झाली काय, हे विचारावे लागते.

आमच्या चळवळीच्या इतिहासातही पहिला आणि दुसरा भाग आहेत. 1927 सालच्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांच्या सभेत भाषण केले. स्त्रिया ऐकण्यासाठी जमल्या होत्या, आणि त्यांनी आपल्या वेशातील हीनत्वाची खूण टाकून दिली. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित वर्गीय महिलांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतील स्त्री-कामगारांना रजा अशा मागण्या स्त्रियांनी ठरावांत मांडल्या. ऐकणाऱ्या स्त्रिया पंधरा वर्षांत ठराव करणाऱ्या झाल्या. त्याच सुमारास नागपुरात समता सैनिक दलाचीही परिषद भरली. म्हणजे शिस्तबद्ध बळाचे आम्हांस कधीच वावडे नव्हते. 'हंटरवाली की बेटी' पुढच्याच वर्षी आली. दोहोंची तुलना करणे निर्मात्यांवर अन्याय होईल असे कोणी म्हणेल. परंतु लोकांपुढे ठेवलेल्या आदर्शांची तुलना करणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे.

तेव्हा उपासकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. मुलींना कराटे अवश्य शिकवावे. नादियाचे चित्रपट त्यांना अवश्य दाखवावे. आपण देवी नाही असे सांगणाऱ्या आणि वयाच्या साठाव्या वर्षी 'खिलाडी' (1968) मध्ये पुन्हा पडद्यावर येणाऱ्या त्या स्त्रीचा मान राखावा. मात्र त्याच अंगणात भद्देची कथाही सांगावी आणि नागपूरचे ठरावही वाचावे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत मुलींना न्यावे आणि तेथील दानलेखांत भिक्खुणींची नावे आहेत, हे त्यांना दाखवावे. अंगावर येणारा हात अडवता आला पाहिजे, हा पहिला भाग. हात उगारणारी व्यवस्था समजून घेऊन ती बदलण्याची प्रज्ञा, हा दुसरा. तो दुसरा भाग कोणताही स्टुडिओ आमच्यासाठी काढणार नाही. तो आमच्या विहारांनीच घडवावा लागेल.