विजेचा झटका आणि कलेचा न्याय

मनोरुग्णालयातील विद्युत्-उपचाराविषयी सुशिक्षितांच्या मनात जी धास्ती आहे, तिला मिलॉश फॉरमन यांच्या ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) या चित्रपटाने मोठा हातभार लावला. भूल न देता दिलेला त्यातील झटका अंगावर काटा आणतो. पूर्वी अशा झटक्यांनी मणके मोडत, सांधे निखळत, हे खरेच. परंतु नायकाला अखेर निर्जीव करते ती मेंदूवरील शस्त्रक्रिया; प्रेक्षक मात्र सारे खापर झटक्यावर फोडतो.

सिल्व्हिया प्लाथ यांची ‘द बेल जार’ (१९६३) ही कादंबरी अधिक न्यायी आहे. तिच्या नायिकेला पहिल्या वेळी यातना देणारा उपचार पुढे दुसऱ्या, काळजीवाहू डॉक्टरांच्या हाती तिचे दडपण उतरवतो. दोष पद्धतीचा, हे लेखिका प्रवचन न करता सांगते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध यांविना हा उपचार निषिद्ध ठरवला. त्याने हाडे वाचतात. उपचाराच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींची आठवण मात्र आजही काहींच्या मनातून पुसली जाते. चित्रपटाचा नायक झटक्यानंतर शून्य नजरेचे सोंग आणून सोबत्यांची गंमत करतो. हरवलेल्या आठवणींची व्यथा त्या गमतीत लोपली, हे त्या गाजलेल्या कलाकृतीचे खरे न्यून होय.