‘संस्कार’ हा शब्द आणि साक्रामेंताचा अर्थ

लॅटिन ‘साक्रामेंतुम’ या संज्ञेसाठी मराठी ख्रिस्तसभेत ‘संस्कार’ हा शब्द रूढ झाला आहे. तो भारदस्त आहे. परंतु धर्मशिक्षणास पुरेसा आहे काय, हा प्रश्न सिल्वासा परिसरातील धर्मशिक्षकांनी तरी विचारावयास हवा.

मूळ शब्द ख्रिस्तसभेत जन्मलेला नाही. रोमन सैनिकाच्या शपथेस साक्रामेंतुम म्हणत. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुल्यानने तो बाप्तिस्म्यास लावला. पुढे संत ऑगस्टीनने ‘पवित्र चिन्ह’ हा अर्थ दृढ केला. आणि हे चिन्ह जी कृपा दर्शविते तीच कृपा देतेही, असे त्रेंत महासभेने १५४७ मध्ये निक्षून सांगितले.

‘संस्कार’ या शब्दात शपथ नाही आणि चिन्ह तर मुळीच नाही. शुद्ध करणे, योग्य बनविणे हा त्याचा आशय. शिवाय उपनयनासारखे संस्कार शतकानुशतके ठराविक वर्णांपुरते राहिले; वारली वा कोकणा श्रोत्यास हा शब्द परक्या घरचा वाटल्यास नवल नाही.

त्याच श्रोत्याच्या घरी मात्र चिन्हाची जाण जिवंत आहे. वारली लग्नात सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. परंपरेनुसार चौकाविना लग्न लागत नाही. (हीच चित्रकला आज शोभेसाठी विकली जाते, ही गोष्ट वेगळी.) चौक म्हणजे साक्रामेंत नव्हे, साक्रामेंताचा कर्ता ख्रिस्त आहे. तथापि चिन्हाने काही घडते, हे उमगण्यास कोणत्याही संस्कृत संज्ञेपेक्षा हा दाखला अधिक उपयोगी पडेल.

शब्दाची खरी हानी आजाऱ्याच्या खाटेपाशी होते. तैलाभ्यंगास ‘अंतिम संस्कार’ म्हटले की घरच्यांच्या कानी ‘अंत्यसंस्कार’, म्हणजे प्रेतक्रियाच पडते. मग धर्मगुरूंना बोलावणे लांबते, आणि रुग्णाची शुद्ध हरपल्यावर निरोप येतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हेच नाव अधिक उचित ठरविले. तो केवळ मरणासन्नांसाठी नाही, असेही स्पष्ट केले. तेव्हा निदान येथे तरी ‘संस्कार’ हे पद वगळावे, ‘आजाऱ्यांचा तैलाभ्यंग’ एवढेच म्हणावे. आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरात कोणी आजारी नसतानाच कुटुंबास वाचून दाखवावा.