दोन बहिणी आणि न मागितलेली माफी

इस्मत चुगताई (१९१५-१९९१) म्हटले की 'लिहाफ' आणि लाहोरचा खटला एवढेच बहुतेकांना आठवते. मला मात्र त्यांची 'चौथी का जोडा' ही उर्दू कथा अधिक जवळची वाटते. चौथी हा निकाहानंतरचा विधी. त्यासाठी नवरीला शिवतात तो चौथीचा जोडा. या कथेची ओळख 'गरिबीमुळे न जुळणाऱ्या लग्नाची कथा' अशी करून दिली जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. माझ्या मते ही दोन बहिणींची कथा आहे.

बीअम्मा कापड बेतण्यात तरबेज. मोहल्ल्यातील बायका अपुरे कापड घेऊन त्यांच्याकडेच येतात. त्यांची स्वतःची थोरली मुलगी कुब्रा मात्र बिनलग्नाची राहिलेली. वडील हयात नाहीत. अशात मामाचा मुलगा राहत पोलीस प्रशिक्षणासाठी मुक्कामाला येतो आणि घराला आशा लागते. उरलेसुरले दागिने विकून त्याला पराठे, कोफ्ते खाऊ घातले जातात. कुब्रा पडद्याआड राबते; समोर जाते ती धाकटी हमीदा. होणाऱ्या मेहुणीने थट्टा करावी म्हणून ती त्याला पेंडीचे कबाब वाढते. तो ते निमूट खातो. त्याची नजर कोणावर आहे, हे हमीदाला लवकरच उमगते.

तिला आपाला सांगायचे असते. पण भांडी घासून, मसाला वाटून खरबरीत झालेले आपाचे हात दिसतात आणि शब्द घशातच राहतात. कथेचा प्राण मला इथे सापडतो.

माझ्या एका सहकारी शिक्षिकेने कथा वाचून विचारले, "हमीदाने वेळेवर सांगितले असते तर?" प्रश्न रास्त आहे. पण सांगायचे म्हणजे बहिणीची एकमेव आशा आपल्या हाताने मोडायची. न सांगायचे म्हणजे तिला फसवत राहायचे. दोघींत भांडण नाही, हेवा नाही. तरी त्यांच्यात भिंत उभी राहते, आणि ती मायेनेच बांधलेली असते. नवसाचा मलिदा घेऊन हमीदाला राहतच्या खोलीत पाठवले जाते तेव्हा या मौनाची किंमत ती एकटी मोजते.

राहत निघून जातो. त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. कुब्रा क्षयाने जाते. बीअम्मा पुन्हा कापड बेततात. यावेळी ते कफन असते.

राहतचे पात्र एकसुरी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्या मनात डोकवायला लेखिकेला सवड नाही. पण म्हणूनच एक गोष्ट ठळक होते. ज्याने माफी मागायला हवी, तो मागत नाही. मामाचे घरही मागत नाही. अपराधाचे ओझे उरते ते जिचा अपराध नाही त्या हमीदाकडे.

आपण मुलींना सब्र शिकवतो, माफ करायला शिकवतो. घरातली गोष्ट घरातच ठेवायला तर आवर्जून शिकवतो. इस्मत आपा उपदेश करीत नाहीत. त्या फक्त दाखवतात, की जिथे बहिणीला बहिणीशी बोलता येत नाही, तिथे माफीचा प्रश्न निघण्याआधीच फार उशीर झालेला असतो.