शिष्टाचार कोणाचा, अपमान कोणाचा?

२७ मार्च २०२२ रोजी, आपल्याकडच्या घड्याळाप्रमाणे २८ तारखेच्या सकाळी, लॉस एंजेलिस येथील ऑस्कर पारितोषिकांच्या सोहळ्यात विल स्मिथ हा नट प्रेक्षकांतून उठला, मंचावर गेला आणि क्रिस रॉक या विनोदी कलावंताच्या थोबाडीत मारून परत आपल्या जागेवर येऊन बसला. रॉकने स्मिथच्या पत्नीच्या, जेडा पिंकेट स्मिथ यांच्या, केस काढलेल्या डोक्यावर विनोद केला होता. केस गळण्याचा विकार आपल्याला असल्याचे या बाईंनी २०१८ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. अमेरिकेतल्या प्रक्षेपणात आवाज बंद करण्यात आला. परदेशांत तो बंद झाला नाही आणि काही तासांत ते दृश्य जगभर गेले. जिंतूर तालुक्यातल्या बोरीत, ज्यांनी ऑस्करचा एकही चित्रपट पाहिलेला नाही अशा माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही ते आले आणि त्यांनी त्यावर मते दिली. त्या थपडेचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तिच्यावर समाजाने जी प्रतिक्रिया दिली, तिच्यामागची मूल्यव्यवस्था तपासणे हा हेतू आहे. कारण ती मूल्यव्यवस्था आपल्या ओळखीची आहे.

प्रतिक्रिया मुख्यतः दोन प्रकारच्या होत्या. पहिली शिष्टाचारवाद्यांची: एवढ्या प्रतिष्ठेच्या व्यासपीठावर असे वर्तन शोभत नाही, सोहळ्याला काळिमा लागला. दुसरी मर्दानगीवाद्यांची: बायकोची चेष्टा झाल्यावर नवऱ्याने दुसरे काय करायचे? वरवर या दोन प्रतिक्रिया परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंचा पाया एकच आहे. पहिलीला सोहळ्याच्या अब्रूची काळजी आहे, दुसरीला नवऱ्याच्या अब्रूची. जिच्या आजारावर सभागृह हसले त्या स्त्रीला, तुम्हाला काय वाटले, असे विचारण्याची गरज दोघांनाही फारशी वाटली नाही. हसणाऱ्यांचे तर कोणी नावच काढले नाही. थप्पड एकाने मारली, म्हणून तो सापडला. हसले अनेकजण, म्हणून ते सुटले. काळ्या स्त्रियांच्या केसांमागचे दुःख आणि बाजार यांवर २००९ मध्ये ‘गुड हेअर’ हा माहितीपट काढण्यात याच क्रिस रॉकचा पुढाकार होता, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःच्या समाजातील वेदनेची जाण असलेला कलावंत प्रस्थापितांच्या दिवाणखान्यात गेला की ती वेदना विनोदाला वापरतो, हा अनुभव काही अमेरिकेपुरता नाही.

आता शिक्षेकडे पाहू. १ एप्रिलला स्मिथने अकादमीचा राजीनामा दिला आणि ८ एप्रिलला अकादमीने त्याला आपल्या कार्यक्रमांतून दहा वर्षांसाठी दूर केले. घटनेपासून अवघ्या बारा दिवसांत हे घडले. याच अकादमीचा दुसरा निवाडा त्याच्याशेजारी ठेवावा. रोमन पोलान्स्की या दिग्दर्शकाने तेरा वर्षांच्या मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा १९७७ मध्ये न्यायालयात कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी तो देश सोडून पळाला. हे सर्वांना ठाऊक असताना २००३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे ऑस्कर मिळाले. तो हजर नव्हता, तरी सभागृहातल्या अनेकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याला अकादमीतून काढले ते २०१८ मध्ये. म्हणजे एका लहान मुलीवरचा अत्याचार सोहळ्याच्या बाहेर घडला होता, म्हणून तो चाळीस वर्षे खपला. थप्पड सोहळ्याच्या आत घडली, म्हणून ती बारा दिवसही खपली नाही. शिष्टाचार नावाची गोष्ट माणसाची इजा मोजत नाही. व्यासपीठाला बसलेला धक्का मोजते.

यावर कोणी म्हणेल की थप्पड ही हिंसा होती, आणि हिंसेला शिक्षा झाली यात गैर काय? गैर काहीच नाही. पण ज्यात हात उगारला गेला नव्हता असाही एक प्रसंग याच सोहळ्याच्या इतिहासात आहे, आणि योगायोगाने त्याची तारीखही २७ मार्चच आहे, साल १९७३. ‘द गॉडफादर’ मधील भूमिकेसाठी मार्लन ब्रँडोला पारितोषिक जाहीर झाले. त्याने स्वतः न येता साशीन लिटलफेदर या तरुणीला पाठवले. तिने हाताने खूण करून ती बाहुली नाकारली आणि अमेरिकेच्या मूळनिवासींना चित्रपट ज्या रीतीने दाखवतात तिचा निषेध म्हणून हा नकार आहे, असे शांतपणे सांगितले. त्या वेळी वूंडेड नी येथे मूळनिवासी आंदोलकांचा ताबा आणि सरकारी वेढा चालू होता. तिने त्याचाही उल्लेख केला. तिला एक मिनिटाची मुदत होती आणि तिने कोणाला अपशब्द वापरला नाही. तरीही सभागृहातून टाळ्यांबरोबर हुर्यो उठली. पुढे त्याच रात्री क्लिंट ईस्टवुडने चित्रपटांत मेलेल्या काउबॉयांची आठवण काढून त्या नकाराची टर उडवली. अकादमीची क्षमा २०२२ मध्ये आली, एकोणपन्नास वर्षांनी. त्याच वर्षी लिटलफेदर यांचे निधन झाल्यावर, त्या मूळनिवासी वंशाच्या नव्हत्याच असे त्यांच्या बहिणींनी म्हटले. तो वाद महत्त्वाचा आहे आणि आपल्यालाही तो नवा नाही. परंतु १९७३ ची हुर्यो तिच्या वंशाविषयीच्या शंकेतून उठली नव्हती. जेवणाच्या पंगतीत कोणी भुकेचा विषय काढावा, तसा तिने विषय काढला होता, म्हणून ती उठली.

हे वाचताना मराठी वाचकाला राजा ढाले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९७२ साली आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांना विवस्त्र करण्यात आले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष होते. महोत्सव हाही एक सोहळाच. १५ ऑगस्टच्या ‘साधने’त ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. दलित स्त्रीच्या अब्रूला कायदा पन्नास रुपये दंड लावतो आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे, हा हिशेब त्यांनी मांडला आणि तो उग्र भाषेत मांडला. महाराष्ट्र खवळला. तो कशावर खवळला? ध्वजाविषयीच्या शब्दांवर. लेखाच्या भाषेची चिकित्सा झाली, सभ्यतेच्या मर्यादा सांगितल्या गेल्या. ज्या कृत्यामुळे ती भाषा जन्मली त्या कृत्याला मात्र असभ्य म्हणण्याची तेवढी घाई कोणाला झाली नाही. ढाले यांचा हिशेब खरा असल्याचे त्यांच्या विरोधकांनीच असे सिद्ध केले.

शिष्टाचाराच्या या राजकारणाचा आणखी एक पैलू आहे. स्मिथच्या थपडेनंतर अनेक काळ्या माणसांनी बोलून दाखवले की आता ही गोष्ट आम्हा सर्वांच्या माथी मारली जाईल. पोलान्स्कीच्या गुन्ह्याने गोऱ्या समाजाची मान खाली गेली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. प्रस्थापिताचा दोष त्याच्या स्वभावात जमा होतो, वंचिताचा दोष त्याच्या जातीत. घराण्यात प्रथमच पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वर्गात पाटलाच्या मुलाने शिक्षकाला उलट उत्तर दिले की तो खोडकर ठरतो. वसतिगृहातल्या मुलाने तेच उत्तर दिले की ‘या लोकांना सवलती देऊन डोक्यावर चढवले’ असे ऐकू येते. आवाज चढला तर उद्धट आणि आवाज खाली ठेवला तर न्यूनगंड, या दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने आमची एक अख्खी पिढी चालत आली आहे.

म्हणून काय, स्मिथला विद्रोही ठरवायचे? आपल्यातल्या काही तरुणांना त्या थपडेत स्वाभिमान दिसला. हे मान्य करता येणार नाही. त्या थपडेमागे कोणत्याही समाजाचा प्रश्न नव्हता. होता तो एका श्रीमंत नटाचा अहंकार. चाळीसेक मिनिटांनी त्याच सभागृहाने त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पारितोषिकासाठी उभे राहून मानवंदना दिली आणि त्याने ती घेतली. व्यवस्थेला नकार देणारा माणूस असा वागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर सवर्णांनी हल्ला केला. प्रतिकाराला सिद्ध झालेल्या शेकडो हातांना बाबासाहेबांनी आवरले. ते सोहळ्याच्या शिष्टाचारासाठी नव्हे. आपला लढा माणुसकीच्या हक्काचा आहे आणि तो मारामारीच्या बातमीत बुडू द्यायचा नाही, हे भान त्या संयमामागे होते. विद्रोह आणि बेभानपणा यांतला फरक आपण तेथून शिकायचा आहे. व्यक्तिपूजा राजकारणात अधःपाताकडे नेते, हा घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ चा त्यांचा इशारा नटांच्या भक्तांनाही लागू आहे. काल देव्हाऱ्यात बसवलेल्याला आज उकिरड्यावर फेकणारी जनता दोन्ही वेळा भक्तच असते, चिकित्सक नसते.

या गदारोळात काय बुडाले तेही सांगितले पाहिजे. रॉक त्या वेळी मंचावर आला होता तो माहितीपटाचे पारितोषिक जाहीर करायला. ते मिळाले ‘समर ऑफ सोल’ या चित्रपटाला. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या कलावंतांचा मोठा संगीत महोत्सव झाला होता. त्याचे चित्रीकरण सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ अडगळीत पडून होते. ते उजेडात आणणाऱ्या चित्रपटाचा गौरव झाला तेव्हा जग आधीच्या मिनिटातल्या थपडेत गुंतले होते. पन्नास वर्षे दडलेली कला उजेडात येता येताच पुन्हा झाकली गेली.

हा आरोप आपल्याही समीक्षेवर येतो. ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने उठलेले वादळ आपण अनेकदा लिहिले आहे आणि ते लिहिणे आवश्यकही होते. पण त्या वादळाच्या वर्णनात ब्राह्मणगावच्या स्त्रिया बहुधा एका वाक्यापुरत्याच येतात. कोणी कोणाला काय म्हटले याची तपशीलवार नोंद आपल्याकडे आहे. त्या स्त्रिया पुढे कशा जगल्या, गावाने त्यांना कसे वागवले, याचे प्रकरण आपल्या साहित्यात अजून लिहिले जायचे आहे. परभणी जिल्ह्यात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांनी तरी आता ते लिहायला घ्यावे.